उघड्यावरचा सौदा

मी काय काम करते हे आमच्या इमारतीत कुणाला नीट सांगता येत नाही. इंदिरानगरातल्या शेजारणींना मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे एवढं पुरतं. घोटीला राहणाऱ्या आईला मी घरी बसून पगार घेते एवढं पुरतं, आणि तेही तिला थोडं संशयास्पदच वाटतं. वडिलांना मात्र माझं काम पहिल्याच दिवशी कळलं. मी अर्धं सांगितलं आणि उरलेलं अर्धं त्यांनीच मला सांगितलं.

वडील घोटीच्या जनावरांच्या बाजारात दलाल. बैल विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि मध्ये हे. खांद्यावर कायम एक जाड उपरणं. घाम पुसायला, ऊन लागलं तर डोक्याला गुंडाळायला आणि मुख्य म्हणजे सौद्याला. भाव तोंडाने बोलायचा नसतो. उपरणं हातांवर टाकायचं आणि खाली बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकड्याची गोष्ट चाललीय की हजाराची, हे दोघांनाही माहीत असतं. भोवती दहा माणसं उभी असली तरी त्यांना दोन कोपरं आणि एक हलणारं फडकं दिसतं. बाजारात सगळे त्याला रुमालच म्हणतात, फडकं केवढंही असो.

हे झाकणं कशासाठी, ते मला दहाव्या वर्षी कळलं. बाजाराच्या दिवशी आई माझ्याकडे वडिलांचा डबा द्यायची. मुलींनी बाजारात थांबायचं नसे, डबा देऊन परत फिरायचं. मी थांबायचे. एकदा चहाच्या टपरीवर एक शेतकरी आपल्या मेव्हण्याला मोठ्याने सांगत होता, "ती बांडी जोडी मला पायजेच. बारापर्यंत जाईन." बाजूला एक व्यापारी चहा पीत होता. त्याने कप अर्धा टाकला, जाऊन ती जोडी दहाला घेतली आणि तासाभरात त्याच शेतकऱ्याला बाराला विकली. मारामारी नाही, चोरी नाही. शेतकऱ्याला वर आनंद, की जोडी मिळाली. मी वडिलांना विचारलं, हे चालतं का? ते म्हणाले, "त्यानं तोंड उघाडलं, त्याचं पैसं सांडलं. सांडलेलं कुनी पन उचलतं."

मी इंजिनिअर झाले, अंबडच्या एका कारखान्यात काही वर्षं मशीनचे प्रोग्रॅम लिहिले, आणि मग परदेशातल्या एका लहान कंपनीत लागले. कंपनी क्रिप्टोचं पाकीट बनवते, म्हणजे फोनमधलं ॲप, ज्यातून लोक एक नाणं देऊन दुसरं घेतात. वडिलांना समजावलं ते असं. तुम्ही ॲपमध्ये 'विका' दाबलं की सौदा लगेच होत नाही. तो आधी एका आवारात जाऊन थांबतो, दहा-बारा सेकंद. तिथे जगभरातले थांबलेले सौदे पडलेले असतात आणि कुणीही ते वाचू शकतं. माणसं वाचत नाहीत, बॉट वाचतात, म्हणजे याच कामाला लावलेले प्रोग्रॅम. एखादा मोठा सौदा दिसला की बॉट जास्त फी भरून त्याच्या पुढे घुसतो, भाव हलवतो, मग तुमचा सौदा वाईट भावाने होतो, आणि लगेच मागून बॉट उलटा सौदा करून फरक खिशात घालतो.

"म्हंजे चहावाल्यापाशी हुबा ऱ्हातो त्यो," वडील म्हणाले.

"हो. आणि माझं काम म्हणजे त्याला ऐकू जाऊ द्यायचं नाही."

"म्हंजे रुमाल."

आमच्या ऑफिसात ह्याला बरंच लांबलचक नाव होतं. मी ते वडिलांना सांगितलंच नाही. त्यांच्या शब्दापुढे ते फिकं पडलं असतं.

लॉकडाऊनमध्ये बाजार बंद पडला आणि वडील ओट्यावर बसून राहिले. चाळीस वर्षं बडबडलेला माणूस गप्प बसला की घराला जड होतो. मी त्यांच्या फोनमध्ये आमचं ॲप टाकून दिलं. कंपनीला निरनिराळ्या वयाचे वापरणारे तपासणीसाठी हवेच होते. सत्तरीचा बैलांचा दलाल त्यांच्याकडे दुसरा नव्हता. वडिलांनी आपल्या साठवणीतले थोडे पैसे घातले, थोडे गमावले, थोडे कमावले, आणि मग एका लहान नाण्यावर त्यांचा जीव बसला. का बसला, ते विचारू नये. बैलाच्या बाबतीतही ते पहिल्या नजरेत ठरवायचे आणि दात नंतर बघायचे. ते नाणं चार वर्षांत दोनदा झोपलं आणि तिसऱ्यांदा उठून धावायला लागलं.

आता ऑफिसातल्या एका मीटिंगचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्याचा मला अधिकार नाही.

आमचं ते झाकण, वडिलांचा रुमाल, तयार झालं होतं. ते चालू असलं की सौदा उघड्या आवारात जातच नसे, परस्पर आतल्या दाराने जायचा. पण त्यात कधीकधी उशीर व्हायचा. अर्धा मिनिट, एखाद्या वेळी दोन मिनिटं. 'अडकलं, अडकलं' म्हणून लोक तक्रारी करायचे. तेव्हा मी एक टिपण लिहिलं. लोकांना वेग हवा असतो, म्हणून झाकण मुळात बंद ठेवावं. सेटिंगमध्ये आत एक बटण द्यावं. ज्यांना गरज आहे ते चालू करतील. दहा मिनिटांत सगळ्यांनी मान्य केलं आणि प्रमुख म्हणाला की टिपण फार स्वच्छ लिहिलंय. मला बरं वाटलं. त्या दिवशी मी बाहेरून मिसळ मागवून खाल्ली, हेही मला आठवतं.

वडिलांच्या फोनमध्ये ते बटण मी चालू करून द्यायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ते विकतील तेव्हा मला विचारतील, असं मी धरून चालले होते.

त्यांना ते नाणं विकायचं होतं एका बैलजोडीसाठी. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचा एक शेतकरी डांगी बैलांची जोडी घेऊन पुन्हा भरू लागलेल्या बाजारात आला होता. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, दोघांचंही वय एक, शिंगांचं वळण एक. डांगी बैल पावसाला दाद देत नाही, भाताच्या चिखलात दिवसभर उभा राहतो. आमच्या दीड बिघा भाताला मात्र शेजाऱ्याचा छोटा ट्रॅक्टर फिरतो आणि दोन तासांत काम संपतं. आई म्हणाली, "काय करायचं व्हय त्यांचं? पूजा?" वडील म्हणाले, "दारात पायजे."

तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की आमच्या दारात कधी बैलजोडी नव्हतीच. हजारो जोड्या ह्या माणसाच्या हाताखालून गेल्या आणि घरी एक म्हैस. मी कारण विचारलं नाही. परवडलं नसेल असं धरून चालले. धरून चालण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

शेतकऱ्याने पुढच्या बाजारापर्यंत जोडी थांबवली, नुसत्या शब्दावर. वडिलांनी नवे कासरे आणले, बैलांच्या तोंडाला बांधायच्या लाल गोंड्यांच्या म्होरक्या आणल्या आणि ओसरीतल्या खुंटीला अडकवून ठेवल्या. आई येता-जाता त्यांच्याकडे बघून नाक मुरडायची. मग एका दिवशी तिनेच त्यांच्यावरची धूळ पुसली.

एका गुरुवारी दुपारी त्यांनी ते नाणं विकलं. मला विचारलं नाही. मी कामात असेन, आणि एवढ्याशासाठी लेकीला कशाला त्रास, असं त्यांचं म्हणणं. ॲप विकण्याआधी एक गोष्ट विचारतं. भाव हलला तर किती टक्क्यांपर्यंत चालेल? जाणकार माणूस अर्धा टाकतो, एक टाकतो. वडिलांनी तीस टाकले.

हे वेडेपणाने नाही केलं. बाजाराचा पहिला नियमच तो आहे, सौद्यात जागा ठेवावी. अडून बसलं की सौदा मोडतो. शंभर तोंडात असावे आणि सत्तर पोटात, आणि मग घासाघीस करत मध्ये कुठे तरी यावं. पोटातले सत्तर समोरच्याला कधी कळत नाहीत, म्हणून नव्वद मिळतात. त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं आणि कधी फसले नव्हते. ॲपने लाल अक्षरात इंग्रजीत काही तरी लिहिलं. बँकेच्या ॲपपासून गॅसच्या ॲपपर्यंत सगळेच लाल अक्षरात काही तरी लिहितात. त्यांनी पुढे दाबलं. पोटातले सत्तर उघड्या आवारात लिहून ठेवले गेले आणि घासाघीस करायला समोर माणूसच नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, त्यांनी ती उघडून दिली. खरं तर आमच्या ॲपने उघडून दिली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचाच. "भाव नेमका माझ्याच टायमाला बसला बघ. नशीब."

"किती आले?"

त्यांनी आकडा सांगितला. मी फोन कानाला तसाच ठेवून कॉम्प्युटरवर तो सौदा शोधला. आमच्या धंद्यात काहीच पुसलं जात नाही, एवढं एक बरं असतं किंवा वाईट असतं. तीन ओळी होत्या, एकाखाली एक. पहिल्या ओळीत एका बॉटने तेच नाणं ढीगभर विकून भाव पाडला होता. दुसरी ओळ वडिलांची. तिसऱ्या ओळीत त्याच बॉटने ते नाणं पडलेल्या भावात परत घेतलं होतं. त्यानंतर भाव पहिल्या जागी. वडिलांना शंभरातले जवळजवळ बरोबर सत्तर मिळाले होते. बॉटने त्याहून एक पैसाही जास्त घेतला नव्हता, त्यांनी देऊ केलेली सगळी जागा मात्र त्याने शेवटच्या इंचापर्यंत घेतली होती. भाव बसलेलाच नव्हता.

आमच्या ऑफिसात ह्याला सँडविच म्हणतात. वरचा पाव, खालचा पाव, मध्ये गिऱ्हाईक. असं सँडविच दिसलं की कुणी तरी ते चित्र ग्रुपवर टाकतं आणि बाकीचे हसतात. मीही हसलेली आहे.

"व्हय, बसला असेल," मी फोनवर म्हणाले.

मला लाज वाटली. अगदी अंगभर. पुढच्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवला आणि नेट खराब आहे असं सांगितलं.

आलेले सगळे पैसे वडिलांनी ॲपमधून बँकेत काढून घेतले. जोडीला कमी पडणारी रक्कम मी घालते म्हणाले. वडिलांनी ऐकलं नाही. "तुझ्या पैशाची जोडी तुझी व्हईल. माजी नाय." मी दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणायचं धाडस झालं नाही. भाव पडल्यामुळे मी पैसे देतेय असं त्यांना वाटत होतं. मी कशाचे देत होते ते मी सांगितलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी काय झालं, ते आईकडून कळलं. वडिलांनी शेतकऱ्याला सांगितलं, तेवढं जमत नाही. शेतकरी भला होता, म्हणाला, मग एक न्या, डावा न्या, दुसऱ्याचं मी बघतो. वडील म्हणाले, "एका गोठ्यात वाढल्याली हायेत. फोडायची नाय." मग त्यांनीच अकोले तालुक्यातलं एक गिऱ्हाईक आणलं, उपरणं टाकलं आणि तीच जोडी त्यांच्याच हाताखालून पूर्ण भावाला गेली. शेतकऱ्याला एक रुपया कमी मिळू दिला नाही.

"दलाली घेतली?" मी आईला विचारलं.

"नाय घेतली. अन् घरी आल्यावर जेवले बी नाय. म्हनले, प्वॉट भरलंय."

त्यानंतर तीन आठवडे मी घोटीला गेले नाही. दर रविवारी मला काही तरी काम निघायचं. चौथ्या आठवड्यात बाजाराच्याच दिवशी मी सकाळची बस पकडली आणि घोटीला उतरून थेट बाजारात गेले. आता मुलींनी बाजारात थांबू नये असं कुणी म्हणत नाही, बाजारच तेवढा उरलेला नाही. वडील कुंपणापाशी बसले होते. मी शेजारी बसले आणि सांगितलं. भाव बसला नव्हता, तुमचा सौदा उघडा पडला होता, एकाने पुढे जाऊन…

त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "चहावाल्यापासचा."

"हो."

"मानूस व्हता, का तुजा त्यो बॉट?"

"बॉट. कुणाचा ते कळत नाही."

"त्याचा धंदाच त्यो. त्याला काय बोलायचं." एक गाय समोरून गेली. त्यांनी सवयीने तिच्या पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "रुमाल व्हता का?"

"होता."

"कुनापाशी?"

"आमच्यापाशी."

"मंग?"

"बंद ठेवला होता, आबा. वेळ लागतो म्हणून. मीच तसं लिहून दिलं होतं."

मला वाटलं, ओरडतील. लहानपणी म्हैस सुटली तर ओरडायचे. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं, मांडीवर ठेवलं आणि त्याची घडी घालत बसले. घडी नीट होत नव्हती, बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत.

"घरी कदी जोडी नव्हती आपल्या," ते म्हणाले. "का?"

"परवडली नसेल."

"परवडत व्हती. दोनदा तर हातात आली व्हती." त्यांनी घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. "रुमालाखाली कोन कुटवर जाईल, ते दोनच मानसांना ठावं. एक ज्याचं त्याला, अन् एक मला. इकनारा कितीला सोडंल ते मला ठावं, घेनारा कितीला घेईल ते बी मला ठावं. मी सोतासाठी घ्याया लागलो, तर चहावाल्यापासच्यात अन् माज्यात फरक काय? म्हून नाय घेतली. धंदा बंद केल्यावर घ्यायची असं ठरीवलं व्हतं. औंदा केला व्हता बंद."

मला हे माहीत नव्हतं. तो गुरुवारचा सौदा म्हणजे त्यांची निवृत्ती होती. चाळीस वर्षांनी स्वतःसाठी लावलेली पहिली बोली, आणि ती त्यांनी माझ्या भरवशावर लावली होती. मला रडू आलं आणि मी ते गिळलं नाही. वडील म्हणाले, "इथं नको, मानसं बघत्यात," आणि उपरणं माझ्याकडे सरकवलं. त्याला तंबाखूचा आणि जनावरांचा वास होता. थोड्या वेळाने कुणी तरी त्यांना हाक मारली, एक सौदा अडला होता. त्यांनी उपरणं मागून घेतलं आणि गेले.

ऑफिसात मी दुसरं टिपण लिहिलं, पहिल्याइतकं स्वच्छ नसलेलं. झाकण मुळातच चालू असावं. ज्यांना घाई आहे त्यांनी ते स्वतः बंद करावं. तीसच्या आसपासचा आकडा कुणी टाकला तर सौदा थांबवून त्याच्या भाषेत विचारावं. ह्यावर दीड महिना वाद झाला. प्रमुख म्हणाला, मागच्या वेळी तूच उलट म्हणाली होतीस. मी म्हणाले, मागच्या वेळी मी चुकले. मराठीतली ओळ मी लिहिली: 'एवढी जागा ठेवलीत तर तेवढी सगळी जाऊ शकते.' वडिलांना ती वाचून दाखवली तर म्हणाले, "बरी हाय," आणि दाढीला लागले.

नवं ॲप निघालं. त्यात एक बारीक कलम होतं, ज्यांच्या फोनमध्ये ॲप आधीपासून आहे, त्यांची जुनी निवड बदलायची नाही. नियम म्हणून ते रास्तच आहे, लोकांच्या सेटिंगला न विचारता हात लावू नये. पण त्यामुळे नव्याने येणाऱ्या सगळ्यांचं झाकण चालू झालं आणि वडिलांचं बंदच राहिलं.

पुढच्या रविवारी मी घोटीला गेले. म्होरक्या अजून ओसरीत खुंटीला होत्या, लाल गोंडे तसेच. वडील ओट्यावर बसले होते, उपरणं गुडघ्यांवर. मी फोन मागितला, त्यांनी दिला. मी सेटिंगमध्ये गेले, बटण शोधलं आणि चालू केलं. ते निळं झालं. मी फोन त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, "हे बघा आबा, आता झाकलं."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन जवळ नेला आणि पाकिटातला आकडा बघितला. तिथे शून्य होतं.

"झाकायला आता काय हाय त्यात?" ते म्हणाले आणि फोन मला परत दिला.